मॉरिशस पहिल्यांदा बघताना: आप्रवासी घाटापासून ल मॉर्नच्या कड्यापर्यंत

विमानतळाबाहेर पडलं की पाच मिनिटांत ऊस सुरू होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि त्या उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग. काही गोठ्याएवढे, काही दुमजली घराएवढे, तर काही नीट रचून पायऱ्यापायऱ्यांचे केलेले. पहिल्या खेपेला मला वाटलं, कुठलं तरी बांधकाम अर्धवट सोडून दिलंय. टॅक्सीवाल्या काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "हे आमच्या पणज्यांनी उचललेले दगड."

हे बेट ज्वालामुखीतून वर आलेलं. जमीन दगडांनी गच्च भरलेली होती. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायला हवेत, आणि ते वेचले गेले माणसांच्या हातांनी. आधी आफ्रिका आणि मादागास्करहून पकडून आणलेल्या गुलामांच्या, आणि १८३४ पासून भारतातून करारावर आणलेल्या मजुरांच्या. त्यांच्यात आपल्या कोकणातली, घाटावरची माणसंही होती. आज ज्या हिरव्यागार उताराचा फोटो आपण काढतो, तो उतार कुणीतरी दगड उचलून मोकळा केलेला आहे. मॉरिशसचं सौंदर्य आणि मॉरिशसचा इतिहास मला वेगवेगळे करता येत नाहीत. म्हणून नव्याने जाणाऱ्यांना मी नेहमी सांगते: पहिला दिवस किनाऱ्यावर घालवू नका, बंदरावर घालवा. नंतर समुद्र बघाल तेव्हा तो वेगळाच दिसेल.

पुढचा सगळा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. सहा-सात दिवस हाताशी असतील तर सगळं निवांत होतं. चारच असतील तर उत्तरेचा दिवस गाळा.

कधी जायचं

मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली आहे, म्हणजे तिथले ऋतू आपल्या उलट. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी आणि गार, चालण्या-चढण्यासाठी उत्तम. नोव्हेंबर ते एप्रिल उकाडा आणि पाऊस. त्यातही जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ. वादळ जवळ यायला लागलं की सरकार एक ते चार अशा वर्गांचे इशारे देतं आणि तिसऱ्या वर्गाला बससेवेसह सगळे व्यवहार थांबतात. या महिन्यांत गेलात तर परतीच्या तिकिटाला एखाद-दुसरा दिवस मोकळा ठेवा.

माझी पसंती सप्टेंबर-ऑक्टोबरला. ऊसतोड जूनपासून वर्षअखेरीपर्यंत चालते. उभा ऊस डोक्यापेक्षा उंच असतो, त्यामुळे तो तोडला गेल्यावरच डोंगर आणि ते दगडांचे ढीग मोकळे दिसतात.

एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. हिवाळ्यात तिथे संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. 'जेवून निघू, चारला पोहोचू' असा बेत केलात तर अर्धं ठिकाण अंधारात जाईल. सकाळी सातला बाहेर पडायची सवय लावा.

कागदपत्रं आणि पैसे

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर शिक्का मिळतो. मात्र परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा हाताशी हवा. प्रवासाआधी सरकारचा ऑनलाइन फॉर्मही भरायचा असतो. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढताना एकदा ताजी माहिती बघून घ्या. मुंबईहून थेट विमान आहे, सहा-साडेसहा तास लागतात. घड्याळ दीड तास मागे करायचं.

चलन मॉरिशसचा रुपया. एका मॉरिशियन रुपयाला आपले साधारण दोन रुपये धरा, म्हणजे हिशेब सोपा जातो. हातात नोट आली की उलटून नीट बघा, तिच्यावर इंग्रजी आणि तमिळबरोबर देवनागरी अक्षरंही आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय आणि रुपे कार्ड सुरू झालं आहे, पण रस्त्यावरचा दालपुरीवाला आणि बस कंडक्टर यांच्यासाठी सुटे पैसे लागतातच. प्लगसाठी इंग्लंडमध्ये चालतो तसा चौकोनी तीन पिनांचा अॅडॉप्टर इथूनच घेऊन जा.

मुक्काम कुठे करायचा

बेट लहान आहे, लांबी सुमारे ६५ किलोमीटर आणि रुंदी ४५. एकाच ठिकाणी राहून सगळं बघता येतं, पण ते ठिकाण नीट निवडायला हवं. माझी पहिली चूक हीच होती. जुलैत पूर्व किनाऱ्यावर खोली घेतली. फोटोत सुरेख समुद्र होता आणि प्रत्यक्षातही सुरेखच होता, पण हिवाळ्यात आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे तिथे दिवसभर घोंघावत असतात. आई शाल पांघरून बाल्कनीत बसायची आणि दहा मिनिटांत आत यायची.

हिवाळ्यात पश्चिम किनारा धरा: फ्लिक-आं-फ्लाक, तामारां किंवा ब्लॅक रिव्हरच्या आसपास. डोंगरांच्या आडोशामुळे तिथे वारा कमी आणि पाऊसही कमी. वारसास्थळांसाठीही तीच बाजू सोयीची, कारण ल मॉर्न, शामारेल आणि डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान तिथून जवळ पडतं. मोठ्या रिसॉर्टऐवजी गावातलं गेस्ट हाऊस घेतलंत तर स्वयंपाकघर मिळतं, शेजारी बोलायला मिळतात आणि सकाळी पाववाल्याचा भोंगा ऐकू येतो. शेवटची एक रात्र मात्र माएबूरला ठेवा. ते का, ते पुढे सांगते.

फिरायचं कसं

मॉरिशसमध्ये वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे गाडी भाड्याने घेणं भारतीयांना सोपं जातं. घेण्याआधी कंपनीला आपला परवाना चालतो का ते विचारा. महामार्गावर वेग मोजणारे कॅमेरे आहेत. गावातले रस्ते अरुंद आणि कडेला थेट खोल गटार, तेव्हा गाडी कडेला घेताना जपून.

गाडी चालवायची नसेल तर बस आहे. बस बेटाच्या कानाकोपऱ्यात जाते, स्वस्त आहे आणि खिडकीतून दिसतं ते टॅक्सीतून दिसत नाही. पण गावाकडच्या बसेस संध्याकाळी सहा-साडेसहाला आटोपतात. आम्ही एकदा दक्षिणेच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघत बसलो आणि शेवटची बस गेली. एका भाजीवाल्या कुटुंबाने आपल्या टेम्पोत बसवून आम्हाला क्युरपीप शहरात सोडलं. सगळ्यांनाच असं कुटुंब भेटेल असं नाही, म्हणून सकाळीच परतीच्या शेवटच्या बसची वेळ कंडक्टरला विचारून ठेवा.

राजधानी पोर्ट लुईपासून क्युरपीपपर्यंत मेट्रोही धावते. भारताच्या मदतीने लार्सन अँड टुब्रोने ती बांधली. राजधानीत गाडी लावायला जागा मिळणं कठीण, त्या दिवशी मेट्रोनेच जा. टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवून घ्यायचं, मीटरच्या भरवशावर बसू नका.

भाषेची भीती नको. इंग्रजी चालतं, फ्रेंच त्याहून जास्त चालतं, पण घरात आणि रस्त्यावर सगळे क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली, बोलतात. 'बोंझूर' म्हणून आत शिरा, 'कि मान्येर?' म्हणजे 'कसं काय?' विचारा आणि निघताना 'मेर्सी' म्हणा. एवढ्यानेच समोरच्याचा चेहरा खुलतो. वयस्कर मंडळींशी भोजपुरीच्या जवळ जाणारी हिंदीही जमते.

पहिला दिवस: पोर्ट लुई आणि घाटाच्या पायऱ्या

रविवार टाळा, त्या दिवशी घाट बंद असतो आणि शहरही झोपलेलं असतं. शनिवारी घाट दुपारपर्यंतच उघडा असतो. आठवड्यातला एखादा मधला दिवस घ्या आणि सकाळी नऊला थेट आप्रवासी घाटावर पोहोचा. प्रवेश मोफत आहे.

आधी शेजारच्या माहिती केंद्रात जा. बाहेरचे अवशेष थोडेच आहेत, आणि आधी माहिती न घेता पाहिले तर ते नुसते दगड वाटतात. ब्रिटिशांनी साम्राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपवली, तेव्हा उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन इथे लागलं. पगारी, करारबद्ध मजुरांवर मळे चालतात का, हे सरकारला बघायचं होतं. त्याला त्यांनीच 'महान प्रयोग' म्हटलं. प्रयोग चालला आणि १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसं भारतातून इथे आली. बहुतेक इथेच राहिली, तर काहींना पुढे रियुनियन, आफ्रिका, कॅरिबियन बेटांकडे पाठवलं गेलं. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही त्यांची सुटायची बंदरं. १८४९ मध्ये या जागी मजुरांसाठी कायमचा डेपो उभा राहिला. लोक त्याला 'कुली घाट' म्हणायचे. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

आता बाहेर या. जागा एखाद्या शाळेच्या मैदानापेक्षाही लहान आहे, १,६४० चौरस मीटर. रुग्णालयाच्या खोल्या, स्वयंपाकघर, शौचालयं, मजुरांच्या पडव्या, सगळं काळ्या दगडात. आणि त्या पायऱ्या. जहाजातून उतरलेला माणूस त्या चढून आत यायचा. मग नोंद: नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा आणि एक क्रमांक. पुढे आयुष्यभर कागदोपत्री त्या माणसाची ओळख म्हणजे तो क्रमांक. दोन-तीन दिवसांत मळ्याकडे रवानगी.

पायऱ्यांचा दगड मधोमध गुळगुळीत झालाय. तिथे थोडा वेळ थांबा. आमच्या आधी एक शाळेची सहल आली होती. मुलं धावत पायऱ्यांपाशी आली आणि बाईंनी एक शब्द सांगण्याआधीच आपोआप हळू झाली. बाई मला म्हणाल्या, "दरवर्षी असंच होतं."

घाटानंतर पायीच फिरा. मध्यवर्ती बाजारात जाऊन 'अलूदा' प्या. दूध, सब्जा आणि आगर-आगरची जेली घातलेलं हे थंड पेय आपल्या फालुद्याचं भावंड आहे. मग ल कोदाँ भागातल्या ब्ल्यू पेनी संग्रहालयात १८४७ ची दोन टपाल तिकिटं बघा, एक नारिंगी आणि एक निळं. प्रकाशाने रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर दर तासाला थोडीच मिनिटं दिवा लावतात, बाकी वेळ त्यांच्या प्रती दिसतात. आत शिरताना वेळ विचारून घ्या आणि बाकीची दालनं त्याप्रमाणे बघा.

२०२३ मध्ये शहरातल्या जुन्या लष्करी रुग्णालयाच्या इमारतीत गुलामगिरीचं संग्रहालय सुरू झालं आहे. घाटावर फक्त अर्धी गोष्ट कळते, उरलेली अर्धी इथे आहे. दोन्ही एकाच दिवशी बघा. पाय दमले नसतील तर उन्हं कलताना सिटाडेल किल्ल्यावर चढा. ब्रिटिशांनी तो १८३४ ते १८४० च्या दरम्यान बांधला. वरून बंदर, घोड्यांच्या शर्यतींचं १८१२ पासूनचं मैदान आणि पाठीमागचे दातेरी डोंगर एका नजरेत येतात.

दुसरा दिवस: ल मॉर्न

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला एक डोंगर आहे, ल मॉर्न ब्राबाँ. उंची ५५६ मीटर. आपल्याकडच्या गडांच्या हिशेबात फार नाही, पण तीन बाजूंनी कडा सरळ तुटलेला आणि पायथ्याशी पाणी. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला मळ्यांवरून पळालेले गुलाम या कड्यातल्या गुहांत आणि माथ्यावर लपून राहत. लोककथा सांगते की १८३५ साली मुक्तीची बातमी सांगायला शिपाई डोंगराकडे आले, वरच्यांना वाटलं आपल्याला पकडायलाच आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. क्रिओल माणसासाठी, म्हणजे त्या गुलामांच्या वंशजांसाठी, हा डोंगर म्हणजे पूर्वजांचं थडगं आणि स्वातंत्र्याचं चिन्ह, दोन्ही. २००८ मध्ये तोही जागतिक वारसा झाला. १ फेब्रुवारीला, गुलामगिरी संपल्याच्या दिवशी, देशभर सुट्टी असते आणि पायथ्याशी लोक जमतात. तिथे रावान वाजते. बकरीचं कातडं ताणलेला हा मोठा गोल डफ वाजवण्याआधी जाळावर शेकतात. त्याच्या ठेक्यावरचा सेगा, म्हणजे क्रिओल नाचगाणं, या डोंगराखाली ऐकणं आणि हॉटेलच्या जेवणाबरोबर ऐकणं यांत फार फरक आहे.

चढाईचं सांगते. फाटकापाशी सकाळी उघडताच हजर राहा आणि नाव नोंदवा. पहिला टप्पा रुंद मातीचा रस्ता आहे, झाडीतून हळूहळू चढत जातो. लहान मुलं आणि साठी ओलांडलेली माणसंही तो करतात, आणि वरच्या सपाटीवरून खालचं उथळ समुद्राचं फिकट निळं पाणी आणि त्यापलीकडे प्रवाळाच्या भिंतीवर फुटणारी पांढरी रेघ पूर्ण दिसते. तिथून पुढे मात्र धोक्याचा फलक आहे आणि तो खरा आहे. वाट कातळावर चढते, काही ठिकाणी दोर धरून. हरिश्चंद्रगड, कळसूबाई सहज करणाऱ्यांना जमेल, पण स्थानिक वाटाड्या घ्या आणि पकड असलेलेच बूट घाला. वाट एका लोखंडी क्रुसापाशी संपते. जाऊन-येऊन तीन ते चार तास, माणशी दोन लिटर पाणी.

पहिल्या खेपेला मी नऊला चढायला लागले. साडेदहाला कातळ तापला, हात ठेववेना आणि मी सपाटीवरून परत फिरले. दुसऱ्या खेपेला उजाडताच निघाले तेव्हा जमलं. ओला कातळ असेल तर वाटाड्याने 'नको' म्हटल्यावर हट्ट करू नका.

वर जाताना झुडपांत लाल-केशरी, घंटेसारखं खाली लोंबणारं फूल दिसलं तर हात लावू नका. ते मॉरिशसचं राष्ट्रीय फूल, आणि रानात ते याच डोंगरावर उगवतं. जाहिरातीत दिसणारा 'समुद्राखालचा धबधबा' हा खोल पाण्याकडे घसरणाऱ्या वाळूचा आभास आहे आणि तो विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधूनच दिसतो. किनाऱ्यावर उभं राहून शोधू नका.

उतरल्यावर पायथ्याच्या गुलाम-मार्ग स्मारकापाशी जा. वेगवेगळ्या देशांनी दिलेली शिल्पं डोंगराकडे तोंड करून उभी आहेत. मग शेजारच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरा. किनारे सगळ्यांसाठी खुले आहेत, समोर कितीही महागडं हॉटेल असलं तरी. पाण्यात रबरी बूट घाला, तळाशी सागरी साळू असतात.

तिसरा दिवस: डोंगरमाथ्यावरून शामारेलकडे

हा पूर्ण दिवस एकाच रस्त्यावर होतो. सकाळी गंगा तलावापासून सुरुवात करा, फ्रेंचमध्ये ग्राँ बासाँ. जुन्या मजुरांच्या बोलीत तो परी तलाव होता. ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं हे पाणी, सुमारे ५५० मीटर उंचीवर. १९७२ मध्ये गंगाजल इथे आणून ओतलं आणि तेव्हापासून गंगा तलाव हे नाव रुळलं. महाशिवरात्रीला लोक खांद्यावर सजवलेल्या कावडी घेऊन बेटाच्या चारी कोपऱ्यांतून पायी येतात, लाखांच्या संख्येने. वाटेत सगळ्या धर्मांची माणसं त्यांना पाणी आणि फळं देतात. आपल्या वारीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. प्रवेशाशी उभी असलेली ३३ मीटर उंच शंकराची मूर्ती दुरूनच दिसते. माकडांपासून पिशव्या सांभाळा आणि स्वेटर घ्या, किनाऱ्यावर घाम येत असला तरी इथे धुकं असतं.

तिथून प्लेन शाम्पान्यच्या रस्त्याने ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या दरीवर या. हे राष्ट्रीय उद्यान १९९४ मध्ये झालं आणि बेटाचं सर्वात उंच शिखर, ८२८ मीटरचं, इथेच आहे. मूळचं जंगल आता फार थोडं उरलंय, त्यातलं बरंचसं या दऱ्यांत. मॉरिशसचा छोटा ससाणा १९७४ मध्ये रानात फक्त चार उरला होता. घरट्यातली अंडी काढून कृत्रिम उबेवर पिल्लं वाढवत, ती पुन्हा रानात सोडत ही जात वाचवली गेली. ज्या बेटाने डोडो कायमचा गमावला, तिथे हे घडलं. दरीच्या कठड्यावर गडबड न करता अर्धा तास बसा. पांढऱ्या लांब शेपटीचे समुद्रपक्षी खालून वर येताना दिसतात. पक्ष्यांची आवड असेल तर सरळ अर्धा दिवस वाढवा आणि उद्यानातल्या पेत्रां या ठिकाणाहून जंगलवाट पकडा.

उतरताना शामारेल. सात रंगांची माती म्हणजे बेसॉल्ट कुजून झालेली चिकणमाती. त्यातल्या लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांमुळे लाल, तपकिरी, जांभळट पट्टे पडलेत. ऊन असेल तरच रंग उठतात. ढगाळ दिवशी निराशा होते, हे आधीच सांगून ठेवते. खरं सांगायचं तर मला माती ठीकठाक वाटली, वाटेतला धबधबा जास्त आवडला. दुपारचं जेवण शामारेल गावातल्या एखाद्या घरगुती खानावळीत घ्या आणि गावातच पिकलेली कॉफी प्या.

उत्तरेचा दिवस

पाँप्लमूसचं वनस्पती उद्यान १७७० च्या सुमारास पिएर प्वाव्र या फ्रेंच माणसाने आकाराला आणलं. जायफळ-लवंगेवरची डचांची मक्तेदारी मोडायची म्हणून त्याने रोपं आणून इथे वाढवली. परातीसारख्या पानांचं अॅमेझॉनचं कमळ सगळे बघतात. तुम्ही तालिपोत ताडही शोधा. तो आयुष्यात एकदाच फुलतो, कित्येक दशकांनी, आणि मग मरतो. माहितगार माळी किंवा वाटाड्या बरोबर घ्या, तो पानं चुरडून हुंगायला देतो, त्यातच अर्धी मजा आहे.

जवळच १९९९ मध्ये बंद पडलेला साखर कारखाना आता संग्रहालय झालाय. घाटावर आलेल्या माणसांचं पुढे काय झालं ते इथे यंत्रांसकट दिसतं. शेवटी काकवीच्या रंगाच्या, वेगवेगळ्या वासांच्या साखरा चमच्याने चाखायला देतात. कोल्हापूरचा गूळ खाल्लेल्या माणसाने तिथे जरूर जीभ लावावी. वेळ उरला तर काप मालेरोचं लाल छपराचं चर्च आणि समोरचं पाचरीसारखं बेट बघून परता.

मराठी माणसाचं मॉरिशस

मॉरिशसमध्ये मराठी मंडळी चार-पाच पिढ्यांपासून आहेत. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. शाळांत मराठी शिकवली जाते, मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत पुढचं शिक्षणही होतं. मोकालाच २०२३ मध्ये शिवछत्रपतींचा पुतळा बसवला. आणि गणपतीत 'झाकरी' नाचतात. हा कोकणातला आपला जाखडी. गोल धरून, मधे ढोलकी, पायांचा तोच ठेका.

पश्चिमेला कास्कावेल गावात विठ्ठल-रखुमाईचं मंदिर आहे. आम्ही संध्याकाळच्या आरतीला गेलो होतो. शब्द तेच, चाल तीच, उच्चार मात्र क्रिओलच्या वळणाचे. शेजारच्या आजींना घरात मराठी बोलता येत नव्हती, आरती मात्र शेवटपर्यंत पाठ होती. आईचा हात धरून त्यांनी विचारलं, "रत्नागिरी?" आई म्हणाली, "होय, लांज्याकडची." आजींनी मान डोलावली, जणू लांजा पुढच्या वळणावरच असावं. मंदिरात जाताना पर्यटक म्हणून जाऊ नका. फूल-नारळ घ्या, चपला बाहेर ठेवा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. आडनावं ऐकताना गोंधळू नका. नोंदवहीत पूर्वजाचं जे पहिलं नाव लिहिलं गेलं, तेच पुढे घराण्याचं आडनाव झालं, म्हणून 'जी'वर संपणारी नावं भेटतात.

तुमच्या घरात 'आमच्यातला कुणी मिरचीच्या बेटावर गेला आणि आलाच नाही' अशी गोष्ट सांगत असतील, तर महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांच्या मूळ नोंदवह्या आणि त्यांचे फोटो जपून ठेवलेले आहेत, हे लक्षात ठेवा. आधी लिहून विचारा, तसंच दारात जाऊन काम होणार नाही. बरोबर नेण्यासाठी पूर्वजाचं आणि त्याच्या वडिलांचं नाव, गाव, तालुका, जुना जिल्हा आणि गेल्याचं अंदाजे साल, एवढं घरातल्या मोठ्यांना विचारून कागदावर उतरवून घ्या.

पोटाचं

हॉटेलच्या बुफेवर पैसे घालवू नका. मॉरिशस रस्त्यावर खावं. दालपुरी नेहमी जोडीने मिळते, 'एन पेर' म्हणायचं. पुरणपोळीसारखी पातळ, पण आत गोड पुरणाऐवजी शिजवून बारीक केलेली डाळ. विकणारा दोन पोळ्या एकावर एक टाकतो, वालासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सा-भाजी पळीभर, 'रुगाय' म्हणजे टोमॅटोचा दाट रस्सा, कोथिंबिरीची 'सातिनी' म्हणजे चटणी, आणि विचारतो, "पिमाँ?" म्हणजे मिरची. हो म्हणा, पण थोडी. मग गुंडाळून कागदात. उभ्याने, पुढे वाकून खायची, नाहीतर रस्सा कोपरापर्यंत येतो. सकाळी 'गातो पिमाँ' मिळतात, आपल्या डाळवड्यांचीच छोटी गोल आवृत्ती. ती लोणी लावलेल्या गरम पावात घालून खातात. किनाऱ्यावर देठासकट सोललेला अननस तिखट-मीठ-चिंच लावून देतात. शाकाहारी माणसाची कुठेच अडचण होत नाही, फक्त 'मांस नको, मासेही नको' असं दोन्ही स्पष्ट सांगा.

शेवटचा दिवस: माएबूर

विमानतळ याच बाजूला, म्हणून शेवटची रात्र इथे. जमलं तर ती सोमवारी येईल असं बघा, कारण सोमवारी माएबूरचा मोठा बाजार भरतो.

सकाळी आधी इल-ओ-एग्रेत. किनाऱ्यापासून होडीने काही मिनिटांवर असलेलं २६ हेक्टरचं हे बेट ज्वालामुखीचं नसून प्रवाळाच्या चुनखडीचं आहे. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ते सांभाळतं. बाहेरून घुसलेली झाडं उपटून आणि मूळची एबनी पुन्हा लावून त्यांनी माणूस येण्याआधीचं मॉरिशस कसं असेल ते इथे उभं केलंय. फेरी आधी नोंदवावी लागते, वाटाड्याशिवाय फिरता येत नाही. गुलाबी कबूतर डोक्यावरच्या फांदीवर येऊन बसतं आणि महाकाय कासव वाट अडवून उभं राहतं. अशा वेळी थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं. २०२० च्या जुलैत याच किनाऱ्याजवळ एक मालवाहू जहाज खडकावर चढलं आणि तेल सांडलं. तेव्हा माएबूरच्या लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून लांब गुंडाळ्या शिवल्या आणि पाण्यावर तरंगवून तेल अडवलं. तुमच्या होडीवाल्याला त्याबद्दल विचारा. बहुतेक तोही त्यात असेल.

दुपारी गावातलं इतिहास संग्रहालय. समोरच्या ग्राँ पोर उपसागरात ऑगस्ट १८१० मध्ये फ्रेंचांनी ब्रिटिश आरमाराला हरवलं. पॅरिसच्या विजय-कमानीवर नेपोलियनच्या काळातला कोरलेला हा एकमेव आरमारी विजय. याच घरात दोन्ही बाजूंच्या जखमी सेनानींवर एकाच छपराखाली उपचार झाले. तरी त्याच वर्षअखेर बेट ब्रिटिशांकडे गेलंच.

मग बाजार. व्हॅनिलाच्या शेंगा वास घेऊन आणि वाकवून बघून घ्या, कडक असतील तर सोडा. आणि नदीपलीकडच्या जुन्या कारखान्यातली कसाव्याच्या पिठाची बिस्किटं घ्या. १८७० पासून तिथे ती उसाच्या वाळलेल्या पाचटाच्या जाळावर भाजतात. नारळाची आणि दालचिनीची दोन्ही घ्या, आणि पाकिटं हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन सामानात टाकली की मुंबईला चुराच पोहोचतो.